आत्याच्या बाहुल्या आणि भावंडांमधला अबोला

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश: त्यांची आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. लग्न केलं नव्हतं, नोकरीमुळे देशोदेशी फिरली आणि जाईल तिथून एक बाहुली घेऊन आली. ओळखीपाळखीचे लोकही तिच्यासाठी आवर्जून बाहुल्या आणत. काचेच्या कपाटात आज साठेक बाहुल्या आहेत आणि ते घर आता रिकामं करायचं आहे. धाकटा भाऊ म्हणतो, सगळ्या एकगठ्ठा विकू आणि पैसे वाटून घेऊ. चुलतबहिणीला फक्त एक हवी आहे: लाल पोशाखावर पांढरे ठिपके, खाली झालरींचे थर, अशी स्पेनची नर्तकी. ‘आत्याने ती मला द्यायचं कबूल केलं होतं,’ असं ती म्हणते. मध्यंतरी या भगिनीने तशीच बाहुली इंटरनेटवर भल्यामोठ्या किमतीला लावलेली पाहिली. बहिणीलाही ही किंमत ठाऊक असणार, असं तेव्हापासून तिच्या मनात बसलं आहे. दोघींचं बोलणं बंद आहे. संग्रह फोडला तर आत्याचा अवमान, विकला तर आठवणींचा बाजार, आणि ठेवायला स्वतःच्या घरात जागा नाही. नर्तकीचा चेहरा रंगवून, कपडे धुऊन तिला नवीसारखी करावी का, असंही विचारलं आहे. हल्ली कपाट उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, हे पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे.

ताई,

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी महिनाभर थांबू शकतात, तो वास थांबू शकत नाही.

१९४० आणि ५० च्या दशकांत बनलेल्या कडक प्लास्टिकच्या काही बाहुल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या असतात. हे प्लास्टिक जुनं झालं की विघटन सुरू होतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, बाहेर पडतं. बंद कपाटात ते कोंडून राहतं आणि शेजारच्या बाहुल्यांचे कपडे, धातूचे भाग, इतर प्लास्टिक यांनाही बाधतं. म्हणून आज कपाट उघडा, खोलीची खिडकी उघडा आणि एकेक बाहुली बाहेर काढून तिचा वेगळा वास घ्या. वासाचं मूळ बहुधा एकदोन बाहुल्यांतच सापडेल. त्यांना थंड, कोरड्या, हवेशीर जागी इतरांपासून लांब ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, त्याने उलट वेग वाढतो. एकदा सुरू झालेलं हे विघटन मागे फिरवता येत नाही, फक्त धीमं करता येतं.

तपासताना एखादी बाहुली हाताला अगदी हलकी, पातळ कवचाची लागली आणि बोटाने थोडं घासल्यावर कापरासारखा वास आला, तर ती सेल्युलॉइडची असू शकते. त्यात कापूर घातलेलाच असायचा. १८७० च्या सुमारास अमेरिकेत आलेला हा पदार्थ चटकन पेट घेतो, म्हणूनच १९५० च्या दशकापर्यंत खेळण्यांतून तो जवळजवळ मागे पडला. तापवलेली सुई टोचून पाहण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. कृपा करून तसं करू नका. सेल्युलॉइडच्या बाहुल्याही वेगळ्या ठेवायच्या, दिव्यापासून आणि उन्हापासून दूर. आणि घरी लहान मूल आलं तर यातली कुठलीच जुनी बाहुली खेळायला देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, बारीक तुकडे सुटू शकतात.

हे झालं की बसा. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

तुम्ही पाहिलेली किंमत ही मागितलेली किंमत आहे. विकणारा वाटेल तो आकडा लिहू शकतो आणि ती बाहुली वर्षानुवर्षं तशीच पडून राहू शकते. प्रत्यक्ष काय दराने विकल्या गेल्या, हे पाहायला हवं. लिलावाच्या बहुतेक संकेतस्थळांवर पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे पाहता येतात. तुमच्या वर्णनातली नर्तकी स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसियातली दिसते. तिथल्या कादिस प्रांतात चिक्लाना नावाचं गाव आहे. तिथे होसे मारीन यांनी १९२८ साली बाहुल्यांचा कारखाना काढला आणि फ्लॅमेन्को या तिथल्या पारंपरिक नृत्यातल्या नर्तकीच्या बाहुल्या त्या कारखान्याची ओळख बनल्या. पुढे स्पेनला जाणारे पर्यटक वाढले तशा त्या घरोघर पोहोचल्या. कारखाना २०१४ साली बंद झाला. तुमची बाहुली त्याच कारखान्याची आहे का, हे घागऱ्याच्या आत किंवा मनगटाला लटकवलेल्या चिठ्ठीवरून कळेल. पण मारीनची असली तरी, पर्यटकांसाठी मोठ्या संख्येने बनलेल्या आणि लोकांनी जपून ठेवलेल्या वस्तूला सहसा भारी किंमत येत नाही. बहुतेक स्मरणिका-बाहुल्यांचं असंच आहे. फार जुन्या, उत्तम अवस्थेतल्या, मूळ डबा आणि चिठ्ठी शाबूत असलेल्या काही बाहुल्यांची गोष्ट वेगळी.

आता जरा नाजूक बोलते. पत्रात मधेच तुम्ही एक आठवण लिहिली आहे. लहानपणी तुम्हाला ताप भरला होता, कपाटाला कायम कुलूप असायचं, आणि त्या रात्री आत्याने ते उघडून हीच नर्तकी तुमच्या उशाशी ठेवली. तिच्या झालरीचा सर्वांत खालचा थर बोटांनी चाळवत तुम्ही झोपलात आणि तो थर तिथेच उसवला, तो आजही तसाच आहे. हे वाचताना मला वाटलं, किमतीचा आकडा तुमच्या मनात इतका घट्ट बसला त्याचं कारण हे असावं. ‘बहीण पैशांसाठी मागते आहे’ असं म्हटलं की नकार देणं सोपं जातं. ‘ती बाहुली मलाही हवी आहे, कारण त्या रात्री ती माझ्याजवळ होती,’ हे म्हणायला जास्त धीर लागतो. तुम्ही बहिणीला हे कधी सांगितलं आहे का? पत्रावरून तरी वाटत नाही.

आणि तिला कधी विचारलंत का, की आत्या तसं म्हणाली तेव्हा नेमकं काय झालं होतं? उलटतपासणीच्या सुरात नाही. आत्या आता नाही, त्यामुळे तोंडी शब्दाचा पुरावा कोणीच देऊ शकत नाही, आणि पुरावा मागितलात तर बहीण दुखावेल एवढंच होईल. शिवाय माणसं प्रेमाच्या भरात एकच वस्तू दोघांना देऊ करतात, त्यात लबाडी नसते. मृत्युपत्र असेल तर ते आधी पाहा, मालकी कोणाची हे त्यावरून ठरेल. पण मालकी आणि ‘ती बाहुली माझी आहे’ ही भावना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा अबोला दुसरीवरून आहे.

संग्रह फोडला तर आत्याचा अवमान होईल, असं तुम्ही म्हणता. पण आत्याचं घर लहान झालं तेव्हा तिने डझनभर बाहुल्या शेजारच्या मुलींना देऊन टाकल्या, हेही तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे संग्रह अखंड राहिलाच पाहिजे, असं तिला स्वतःला वाटत नव्हतं. हा नियम तिच्या पश्चात आपण तयार केला. दुःखात माणूस असे नियम करतो, कारण काहीही हलवलं की गेलेलं माणूस आणखी लांब गेल्यासारखं वाटतं. त्यात चूक काही नाही, फक्त तो नियम आत्याच्या नावावर लावू नका.

मग आत्याचं असं या कपाटात काय आहे? माझ्या मते, कुठली बाहुली कुठून, कधी, कोणी आणि का आणली, हे. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी उभारलेलं बाहुल्यांचं संग्रहालय आहे. हंगेरीच्या राजदूतांनी त्यांना मुलांच्या स्पर्धेसाठी बक्षीस म्हणून एक बाहुली दिली, तिथून त्यांना बाहुल्या जमवण्याची ओढ लागली आणि १९६५ साली संग्रहालय उभं राहिलं. ती पहिली बाहुली कोणी आणि कशासाठी दिली, हे माहीत नसतं तर ती हंगेरीतल्या पोशाखातली आणखी एक बाहुली एवढीच राहिली असती.

तुमच्या साठ बाहुल्यांची ही माहिती कुठे लिहून ठेवलेली नाही. ती तुमच्या तिघांच्या डोक्यांत विखुरलेली आहे: थोडी तुमच्याकडे, थोडी भावाकडे, थोडी त्या चुलतबहिणीकडे. तुमचं बोलणं बंद राहिलं तर तिच्याकडचा वाटा गेला. बाहुली विकली गेली तरी पुढेमागे तशीच दुसरी मिळू शकते, ही माहिती परत मिळत नाही. म्हणून विकणं, वाटणं, ठेवणं यांतलं काहीही ठरवण्याआधी नोंद करा, आणि ती तिघांनी मिळून करा.

नोंदीसाठी फार काही लागत नाही. दिवसाउजेडी खिडकीजवळ (थेट उन्हात नव्हे) पांढरी चादर अंथरा. प्रत्येक बाहुलीचे फोटो काढा: समोरून, मागून, पायाचे तळवे, केसांखाली मानेची मागची बाजू, घागऱ्याची आतली बाजू. निर्मात्याच्या खुणा याच जागी दडलेल्या असतात. देशाचं नाव छापलेलं असेल तर तोही धागा आहे. अमेरिकेने १८९० साली केलेल्या आयात-कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे नाव असलेली बाहुली सहसा त्यानंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का दिसला तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातली, १९५२ च्या आतली. पोटातला भुसा किंवा कागद डोकावत असेल तर उकरू नका, पण कागदावरची अक्षरं वाचता आली तर लिहून घ्या. प्रत्येकीला क्रमांक द्या. चिकटपट्टी अजिबात नको, सुती दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी पुरे. आणि वहीत दोन रकाने ठेवा, एक ‘नक्की माहीत आहे’ आणि दुसरा ‘असं ऐकलं आहे’. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की पुढच्या माणसाला काहीच खात्रीचं राहत नाही.

इथे तुमच्या भावाबद्दल बोलायला हवं. पत्रात तो घाईत असलेला, व्यवहारी माणूस म्हणून येतो. पण तुम्हीच लिहिलं आहे की लहानपणी कपाट उघडं दिसलं की तो त्यातल्या मखमली कापडाच्या खलाशी बाहुलीची टोपी काढून पळायचा. टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव आहे, असंही लिहिलंत आणि तो विषय तिथेच सोडलात. तो खलाशी नीट पाहा. नोरा वेलिंग्ज या बाईंनी १९२६ साली इंग्लंडमधल्या वेलिंग्टन या गावी बाहुल्यांचा कारखाना सुरू केला. त्यांचे मखमली खलाशी प्रवासी जहाजांवर विकले जायचे आणि टोपीवर त्या त्या जहाजाचं नाव असायचं. तळपायाला शिवलेली कापडी चिठ्ठी दिसली तर वाचा. तिघांचं लक्ष नर्तकीवर खिळलं आहे, आणि कदाचित कपाटातला जास्त जुना, जास्त शोधण्याजोगा ऐवज खालच्या फळीवर बसला आहे. त्या जहाजाने घरातलं कोण आलं होतं? आत्या की तिला बाहुली देणारं दुसरं कोणी? हा प्रश्न भावाला विचारा. टोपी पळवणाऱ्या मुलाला तेव्हा मोठ्यांपैकी कोणीतरी ‘ती अमक्याने आणलेली आहे, ठेव’ असं नक्की दटावलं असणार.

नर्तकीला नवीसारखी करण्याचा विचार मात्र सोडून द्या. तुमचा हेतू चांगला आहे, परिणाम चांगला होणार नाही. अशा बाहुल्यांचे कपडे बऱ्याचदा अंगावरच चिकटवलेले किंवा टाचलेले असतात, काढायला जाल तर फाटतील. लाल रंग पाण्यात उतरतो आणि पांढरे ठिपके गुलाबी होतात. चेहरा हाताने रंगवलेला असेल तर नवा रंग देताना तो चेहराच जातो, आणि रंग उडालेला मूळ चेहरा जाणकारांना नव्या रंगवलेल्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही प्यारा असतो. भुसा आणि डिंकाच्या लगद्याच्या बाहुल्यांना तर ओला बोळाही लावू नये, वरचा थर तडकतो. मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली हलकेच धूळ झटका, बस्स. उसवलेली झालर? मी ती शिवणार नाही. पण तुम्हाला राहवत नसेल तर जुन्या भोकांतूनच, बारीक सुती दोऱ्याने, नंतर उसवता येईल असा टाका घाला, आणि वहीत तसं लिहा.

आता निवड. संग्रहातल्या सगळ्या बाहुल्या सारख्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांसाठी एकच निर्णय कशाला? नोंद पूर्ण झाली की काही बाहुल्यांशी तुमच्यापैकी कोणाची तरी गाठ आहे असं दिसेल. त्या तिघांनी आळीपाळीने निवडून घ्या, किंमत न पाहता, आणि तिच्याबरोबर वहीतलं तिचं पानही द्या. तुमच्याकडे जागा नाही म्हणता, पण साठांना जागा नाही, चारपाचांना असेल. कपाट सांभाळण्याची जबाबदारी तुम्ही आपणहून अंगावर घेतली आहे. पूर्ण पत्रात ती तुमच्यावर कोणी टाकल्याचं दिसत नाही. ती तुम्हाला हवी असेल तर जरूर घ्या, पण नको असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ज्यांच्याशी कोणाचीच गाठ नाही, त्या बाहुल्या विकायला हरकत काय? पैसे घेतले म्हणून आठवण बाटत नाही. ज्याला हवी आहे तो जपेल, कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा ते बरं. फक्त एकगठ्ठा विकू नका. घाऊक घेणारा संपूर्ण कपाटाचा भाव त्यातल्या सामान्य बाहुल्यांवरून ठरवतो आणि चांगल्या दोनतीन त्यातच जातात. खलाशासारख्या वेगळ्या वाटणाऱ्या बाहुल्या आधी बाजूला काढून जाणकाराला दाखवा, आणि सल्ला देणारा आणि विकत घेणारा माणूस एकच नसेल एवढं पाहा. विकताना उसवलेलं, तडकलेलं, वास येणारं सगळं स्पष्ट सांगा. एखाद्या संग्रहालयाला द्यायच्या असतील तर खोकी घेऊन दारात जाऊ नका. आधी फोटो आणि यादी पाठवा, त्यांना काय हवं ते ते कळवतील. तुमच्या वहीमुळे होकाराची शक्यता वाढते, कारण इतिहास माहीत असलेली वस्तू त्यांच्या कामाची.

ठेवायच्या बाहुल्यांसाठी आम्लविरहित कागद वापरा, वर्तमानपत्र नको. डोळे मिटणाऱ्या बाहुल्या पालथ्या ठेवतात, म्हणजे आतल्या वजनामुळे डोळे निखळून आत पडत नाहीत. लोकरी आणि फेल्टचे कपडे असलेल्या वर्षातून दोनदा उघडून कसर लागली का ते पाहा. चेहरा चिकट झालेली मऊ प्लास्टिकची बाहुली दुसरीला टेकवून ठेवू नका. माळा आणि ओलसर खोली, दोन्ही टाळा.

राहिली नर्तकी. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: ती बहिणीला द्यावी, असा माझा कल आहे. तिने साठांतून नाव घेऊन एकच मागितली आणि पैशांतला वाटा मागितला नाही, ही गोष्ट मला किमतीच्या संशयापेक्षा वजनदार वाटते. पण तुमची तापातली रात्र तिला सांगायच्या आधी देऊ नका. न सांगता दिलीत तर तो त्याग होईल आणि पुढची कित्येक वर्षं मनात सलत राहील. सांगितल्यावर कदाचित तीच म्हणेल की तू ठेव. कदाचित एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे असं ठरेल. दोन घरांत अशी फिरती वस्तू जपणं थोडं कठीण असतं, पण बहिणींना जमतं. आणि ती ‘मला हवीच’ म्हणाली, तर ती कुठे आहे आणि कोणाकडे आहे हे तरी तुम्हाला कायम माहीत असेल.

फोन तुम्हीच करा. सुरुवात नर्तकीपासून करू नका. ‘आत्याच्या बाहुल्यांची वही करते आहे, तुला कुठल्या कुठल्या आठवतात?’ एवढंच विचारा, आणि ती बोलेल ते लिहून घ्या. भावाला सांगा की वही होईपर्यंत विक्री थांबव, आणि वहीसाठी एक तारीख द्या, म्हणजे घर रिकामं करण्याचं काम तुमच्यामुळे अडून राहिल्यासारखं त्याला वाटणार नाही. वही झाली की तिच्या तीन प्रती काढा.

ज्या वाचकांच्या घरी असं कपाट आहे आणि ते भरणारं माणूसही आहे, त्यांनी याच आठवड्यात त्या माणसाशेजारी बसावं, फोनवर आवाज टिपायला लावावा आणि एकेक बाहुली हातात देऊन विचारावं, ही कुठली, कोणी दिली. आणि सरळ हेही विचारावं, तुझ्यामागे या कोणाकडे जाव्यात. हा प्रश्न अशुभ वाटून टाळला जातो, पण वस्तू प्रेमाने जमवणाऱ्या बहुतेकांना तो ऐकून बरंच वाटतं. आपल्या बाहुल्यांचं पुढे काय होईल, हा विचार त्यांनी आपल्याआधी केलेला असतो.